कललेला सत्तावीस

वर्कशॉपची जीप दारात आली तेव्हा मी भांडी घासत होतो. एका माणसाची भांडी ती किती असणार, एक ताट, एक पातेलं, एक पेला. तरी मी ती सावकाश घासतो, कारण ती संपली की दुपार सुरू होते आणि आमच्या घरातली दुपार भलतीच लांब असते. ड्रायव्हरने दारातूनच विचारलं, "सत्तावीस नंबर इथेच राहतात का?"

मला त्या नावाने हाक मारून बारा वर्षं झाली होती. टपालवाला आडनावाने हाक मारतो, शेजारीण 'काका' म्हणते, बायको होती तोवर 'अहो' म्हणायची. ती जाऊनही आठ वर्षं झाली. मी म्हटलं, "राहतात. काय काम आहे?" आवाज मुद्दाम तुसडा ठेवला. जित्याची खोड!

"बाईंनी बोलावलंय. जुन्या गनचं काम निघालंय. कुणाला जमत नाहीये."

कुणाला जमत नाहीये! काय सांगू, इतकं गोड वाक्य कित्येक वर्षांत कानावर पडलं नव्हतं. ओले हात पँटला पुसले आणि तसाच निघालो. दाराला कुलूप लावायचं राहिलं हे संध्याकाळी परत आल्यावर कळलं. चोरायला तरी काय होतं म्हणा.

लढाई सुरू होऊन सात महिने झाले होते. नव्या मशीनगन येणार, येणार म्हणून सगळे वाट बघत होते आणि त्या येत होत्या फक्त कागदावर. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की आपल्याच कोठारात साडेतीनशे जुन्या पडून आहेत. ग्रीसमध्ये माखलेल्या, मेणकापडात गुंडाळलेल्या, लाकडी पेट्यांत बंद. चाळीस वर्षांपूर्वी आम्हीच बनवलेल्या. तेव्हाही लढाई होणार म्हणून रात्रंदिवस राबलो होतो, आणि ती झालीच नाही. आता या गनना नवं रूप द्यायचं होतं. नवी नळी, पुढे नवे दोन पाय, मागे खांद्याला टेकायला नवा हलका दस्ता, आणि वरच्या झाकणावर एक दातेरी पट्टी. त्या पट्टीवर दुर्बीण बसते, अंधारात बघायचीसुद्धा. थोडक्यात, म्हातारीला नवी काठी, नवा चष्मा आणि नवी कवळी. पण हाडं जुनीच, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं आणि समोर जे दिसलं ते बघून डोक्याला हातच लावला. या शहाण्यांनी वीस गन एकदम उघडल्या होत्या. वीस झाकणं एका पेटीत, वीस बोल्ट दुसऱ्या पेटीत, वीस बॉडी टेबलावर ओळीने. छान धुऊन पुसून, चमच्यांसारख्या. आता झाकण बसत नाही, बोल्ट अडकतो, म्हणून सगळे कपाळाला आठ्या घालून उभे.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"का? भाग सुटे करूनच धुतात ना?" एक जण म्हणाला.

"अरे बाबांनो, हे तुमचं मशीनवर कापलेलं काम नव्हे. आमच्या वेळी एकेक गन कानस मारून जोडलेली आहे. या झाकणाचं लग्न त्याच बॉडीशी लागलंय. तुम्ही वीस नवरे एका खोलीत कोंडलेत आणि वीस बायका दुसऱ्या खोलीत, आणि आता म्हणताय जोड्या लावा!"

हसले सगळे. बाईसुद्धा हसल्या. बाई म्हणजे आमच्या इंजिनीयर, तिशीच्या आत-बाहेर, केस मागे घट्ट बांधलेले आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस जोड्या लावून दिल्या, काही आवाजावरून, काही बोटाला लागणाऱ्या कानशीच्या खुणांवरून. निघताना बाई म्हणाल्या, "काका, उद्या आठ वाजता गाडी पाठवू ना?" मी म्हटलं, "साडेसातला पाठवा."

खरं सांगतो, त्या आठवड्यात मी जगलो. डब्यात एक जास्तीची पोळी घेऊन जायचो, कारण शेजारच्या टेबलावरची मुलगी एक उचलायची. कुणीतरी आपल्या डब्यातलं उचलतंय, याचं एवढं अप्रूप वाटेल असं आधी कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

आता पंचाचं सांगायला हवं. आमच्या वेळी प्रत्येक फिटरला एक पंच मिळायचा. बोटाएवढा पोलादी तुकडा, टोकाला आकडा. गन जोडली, गेज लावून माप बघितलं, की बॉडीच्या उजव्या अंगाला पंच धरायचा आणि हातोडीचा एकच ठोका. तो आकडा म्हणजे तुमचा शब्द. नावं निघायची ती फक्त लग्नपत्रिकेत, एरवी सगळे आकडेच. मी सत्तावीस. "कवळी आणि पंच कुणाला उसना देऊ नये," असं आमचा फोरमन म्हणायचा. आणखी एक रीत होती. दर तीस गनमधली एक मैदानावर नेऊन झाडून बघायचे. ती फेल गेली तर तिच्यावर ज्याचा आकडा त्याने सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचा. एवढीच शिक्षा, पण पातेलं घेऊन सगळ्या टेबलांवरून फिरताना माणूस अर्धा व्हायचा. अख्ख्या नोकरीत मी एकदाही चहा केला नाही. हे मी लोकांना न विचारताही सांगत असे.

गेज कशासाठी, तेही ऐका. गोळी नळीत बसली की तिच्या मागे बोल्ट येऊन टेकतो. त्या दोघांमधलं अंतर अगदी केसाएवढं चालतं. ते जास्त झालं तर गोळीचं पितळी कवच मागून फाटतं आणि सगळी आग मागे येते, जिथे झाडणाऱ्याचा गाल असतो. नवी नळी घाला नाहीतर सोन्याची घाला, बोल्ट ज्यात अडकतो ती बॉडीतली खाच आमच्या हातची, चाळीस वर्षांपूर्वीची. ती चुकलेली असेल तर बाकी सगळी रंगरंगोटी.

त्या मापाचं गेज आता एकच उरलं होतं. तपासणीच्या खोलीत दोन मुली ते घेऊन दिवसभर बसायच्या, तरी काम तुंबायचं. वरून रोज फोन, किती झाल्या, कधी देता. तेव्हा बाईंनी एक केलं. माझ्या आकड्याच्या पंधरा गन काढून आधी तपासल्या. पंधराच्या पंधरा पास, एकीचंही माप हललेलं नाही. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्या गनवर सत्तावीस आहे तिला गेज लावू नका. सरळ पुढे सोडा."

छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायचीच बाकी होती. मला तेव्हाच एक गोष्ट आठवायला हवी होती. आठवली नाही असं म्हणणार नाही. आठवली, आणि मी तिला मागच्या दाराने बाहेर काढलं.

साठ गनची पहिली खेप गुरुवारी रेल्वेच्या यार्डात गेली. शनिवारी दुपारी ती मालगाडीने आघाडीवर निघणार होती. शुक्रवारी सकाळी मी एका गनच्या झाकणावर पट्टी बसवत होतो. दिव्याचा उजेड बॉडीवर तिरपा पडला आणि मला माझा सत्तावीस दिसला. कललेला. वरून डावीकडे झुकलेला, एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ.

माझा ठसा असा पडत नाही. मी उजव्या हाताने मारतो, माझा आकडा ताठ उभा असतो. असा कललेला ठसा आमच्या खात्यात एकाच माणसाचा पडायचा. तो डावखुरा होता. "तुझा आकडा दारू पिऊन आलाय," म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तो एकोणीस.

एकोणीस माझा दोस्त होता. जिवाभावाचा म्हणतात तसा, एकाच टेबलाची दोन टोकं. चाळीस वर्षांपूर्वी, त्या धांदलीच्या दिवसांत, माझ्या बायकोला अवेळी कळा सुरू झाल्या. रजा मिळत नव्हती. गैरहजर राहिलेल्याला सरळ घरी बसवायचे. एकोणीस म्हणाला, "पंच दे इकडे. तुझ्या गन मी करतो. तू आधी तिच्याकडे जा." मी पंच त्याच्या हातावर ठेवला आणि पळालो. दोन दिवस त्याने स्वतःच्या चार आणि माझ्या चार अशा रोज आठ गन जोडल्या. माझ्या चारांवर माझा आकडा मारला. मला मुलगी झाली. ती दीड दिवस जगली. तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो, एकोणीसने पंच परत दिला, मी घेतला.

पुढे महिन्याभराने मैदानावर एक गन फाटली. दोनशे अडतीस नंबरची, म्हणजे गनचा स्वतःचा अनुक्रमांक. हा नंबर मला पाठ आहे, एखादी शिवी पाठ असावी तसा. झाडणाऱ्याचा गाल भाजला, डोळा थोडक्यात वाचला. गन खात्यात परत आली, तिच्यावर सत्तावीस. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, अख्ख्या खात्यासमोर, ओरडलो, "ती माझी नाही! मी नव्हतो तेव्हा याने जोडलीय. विचारा याला! माझ्या आकड्याला याने काळं फासलंय!"

गन एकोणीसच्याच हातात होती. तो खाली बघत होता. अंगठ्याने बॉडीवरचं तेल पुसत होता. मग म्हणाला, "हो. माझीच."

फोरमनने पंच उसना दिल्याचं झाकलं, नाहीतर आम्ही दोघंही गेलो असतो. पण एकोणीसचा पंच काढून घेतला आणि त्याला पॅकिंगला पाठवलं, ग्रीस फासायला आणि पेट्यांना खिळे मारायला. जायच्या आधी त्याने रीतीप्रमाणे चहा केला. सगळ्यांना दिला. मलाही आणून टेबलावर ठेवला. मी तो त्याच्या देखत मोरीत ओतला.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं आम्ही एकाच गेटमधून आत गेलो आणि एकाच गेटमधून बाहेर पडलो. एक शब्द बोललो नाही. बायको म्हणायची, "अहो, सोडा आता. जाऊन या एकदा." मी म्हणायचो, "त्याने यावं." निवृत्त झाल्यावर वर्षभरात तो गेला. बायको त्याच्या घरी जाऊन आली. मीही निघालो होतो, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, आणि परत फिरलो. दुसरा मित्र मी केला नाही. म्हणजे झाला नाही. एकदा हात पोळल्यावर कशाला पुन्हा, असं मी स्वतःला सांगायचो.

तर शुक्रवारी सकाळी ती कललेली खूण बघून मी हातातली पट्टी खाली ठेवली. त्याने जोडलेल्या आठ गन. एक तर मैदानावर फाटलीच, म्हणजे राहिल्या सात, असा मी हिशेब केला. त्या वेळी पेट्या बंद झाल्या होत्या, लढाई होणार नव्हती, म्हणून मी गप्प बसलो होतो. आता त्या बाहेर आल्या होत्या आणि माझ्या आकड्याच्या जोरावर गेज न लावता पुढे सरकत होत्या. दुपारपर्यंत मी खात्यातल्या सगळ्या सत्तावीस आकड्याच्या गन या ना त्या निमित्ताने हाताळल्या. कललेल्या पाच सापडल्या. त्या माझ्या टेबलाखाली ठेवून वर जुनं पोतं टाकलं. बाकीच्या यार्डात होत्या, साठांमध्ये.

गेज मागितलं तर का म्हणून विचारणार. सांगितलं तर साठ गन परत, मालगाडी चुकणार, आणि सत्तावीस या आकड्यावरचा विश्वास संपणार. मग मला कोण बोलावणार? पुन्हा ते घर, तो एक पेला, ती दुपार. लाज सोडून सांगतो, मी त्या संध्याकाळी तोंड मिटून जीपमध्ये बसलो. जाताना शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, उद्या दोन पोळ्या आणा." मी हो म्हटलं.

घरी आल्यावर तासाभरात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. आमच्या इमारतीचे सगळे तळघरात उतरले. तिथे माझी जागा ठरलेली आहे, जिन्याखाली, पाण्याच्या पाइपाजवळ, कारण तिथे कुणी बसत नाही. त्या दिवशी शेजारीण मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसली. तिचा नवरा आघाडीवर आहे, मशीनगनवर. एरवी ती रडवेली असते, त्या दिवशी खुशीत होती.

"काका, त्याचा फोन आला होता. म्हणाला, आजोबांच्या वयाची गन मिळणार आहे, पण नवीन करून." ती हसली. "मी म्हटलं, घाबरू नकोस, आमच्या शेजारचे काकाच करतायत त्या. तर म्हणाला, मग बिनधास्त गाल टेकतो बघ."

मी "हं" म्हणालो. तिने मला तिच्या रुमालात बांधलेलं बिस्कीट दिलं. ते माझ्या हातातच चुरून गेलं, खाल्लं गेलं नाही. डोळा लागला नाही हे वेगळं सांगायला नको. सकाळी साडेसहालाच मी चालत निघालो. डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या घेतल्या होत्या, का ते माझं मलाच माहीत नाही.

बाई नुकत्याच आल्या होत्या. मी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पंच उसना दिला होता. आठ गन दुसऱ्याने जोडल्या. त्यातली एक तेव्हाच फाटली. पाच टेबलाखाली आहेत. उरलेल्या यार्डात.

बाईंनी एकच विचारलं. "हे कधी कळलं?"

"काल सकाळी."

"काल सकाळी!" त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. "आणि तुम्ही दिवसभर माझ्यासमोर हिंडत होतात? घरी जाऊन जेवलात, झोपलात?"

"झोपलो नाही."

"उपकार केलेत!" त्यांनी फोन उचलला. यार्डवाल्यांशी बोलल्या, मग वरच्यांशी बोलल्या. वरच्यांचा आवाज मला दाराशी उभं राहूनही ऐकू येत होता. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "पुढची मालगाडी बुधवारी. चार दिवस, काका. तिकडे लोक चार दिवस जुन्या रायफलींवर काढणार." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाहेर बसा. कशाला हात लावू नका."

तपासणीच्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. मी त्याच्यावर बसलो, सकाळपासून दुपारी चारपर्यंत. साठ गनच्या पेट्या परत आल्या. पोरं त्या उतरवताना माझ्याकडे बघत नव्हती. पोळ्या घेणारी मुलगी समोरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तिने मान फिरवली. मला माझाच चेहरा आठवला, अठ्ठावीस वर्षं गेटमध्ये तो कसा दिसला असेल तो. बरोबरच आहे म्हटलं, भोगा आता.

चार वाजता बाईंनी आत बोलावलं. टेबलावर दोन रांगा लावल्या होत्या. एका रांगेत आठ गन, दुसरीत सात.

"मी सत्तावीस आकड्याच्या सगळ्या गन तपासल्या," त्या म्हणाल्या. "शहाण्णव. या तुमच्या कललेल्या ठशाच्या आठ."

"आठ? सात असणार. एक तेव्हाच फाटली."

"आठ आहेत. मोजा. आणि आठच्या आठ पास. दोनदा गेज लावलं. एवढं अचूक काम मी या लॉटमध्ये दुसरं बघितलं नाही."

मी मोजल्या. आठ होत्या. मी म्हटलं, "गेज द्या इकडे." त्यांनी दिलं. मी एकेक करून स्वतः लावलं. पहिली पास, दुसरी पास. आठवीपर्यंत येईस्तोवर गेज दोनदा हातातून पडलं. आठवीही पास.

"मग या सात कुठल्या?" मी विचारलं. मला वाटतं, मला तोवर कळलं होतं. काही प्रश्न आपण नुसतं वेळ काढायला विचारतो.

"या फेल. ठसा सरळ आहे."

मी दिवा जवळ ओढला. सरळ. ताठ उभा, उजव्या हाताचा, माझा. एक, दोन, सातही. बाईंनी गनचे नंबर एका कागदावर लिहिले होते. एकोणीसने जोडलेल्या आठ, दोनशे एक ते दोनशे बावीसच्या दरम्यानच्या. फेल गेलेल्या सात, दोनशे सव्वीस ते दोनशे एक्कावन्नच्या दरम्यानच्या. म्हणजे मी कामावर परत आलो त्या दिवसापासून पुढचे काही दिवस. त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही. कानस हातात होती एवढं आठवतं. घरी बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, तेवढं आठवतं. मी गेज लावत होतो की नुसताच आकडा ठोकत होतो, देव जाणे.

आणि दोनशे अडतीस त्याच नंबरांत बसत होता. बरोब्बर मधोमध.

मी बाकड्यावर बसावं तसा जमिनीवरच बसलो. बाई "काका, काका" म्हणत पाणी घेऊन आल्या. पण मला समोर दिसत होता एकोणीस, हातात फाटलेली गन घेऊन उभा. स्वतःचा ठसा कसा पडतो हे त्याला माहीत होतं, आम्ही रोज त्यावरून चिडवायचो. अंगठ्याने तेल पुसून त्याने ठसा बघितला. तो सरळ होता. त्याने एकदा वर माझ्याकडे बघितलं. मी तोंडाने आग ओकत होतो, महिन्याभरापूर्वी माझं पोर गेलेलं होतं. मग त्याने अंगठा त्या आकड्यावर तसाच ठेवला, कुणाला दिसू नये असा, आणि म्हणाला, "हो. माझीच."

मी त्याच्यापासून दोन पावलांवर उभा होतो. नुसतं पुढे होऊन बघायचं होतं.

"माझ्या आहेत," मी बाईंना म्हटलं. "त्या सातही माझ्या. फाटलेलीसुद्धा माझी. त्याने काही केलं नव्हतं." मी गेज त्यांच्या हातात परत दिलं. "आणि मी त्याला कधी... अहो, मी त्याच्या मयतालासुद्धा गेलो नाही."

बाई माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. मी खिशातून पंच काढला. निवृत्तीच्या दिवशी तो परत करायचा असतो, मी हरवला म्हणून सांगितलं होतं आणि बारा वर्षं उशाशी ठेवला होता. तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो घेतला, नको म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"या सात गनच्या खाचा पुन्हा बसवाव्या लागतील," त्या उठत म्हणाल्या. "हाताने. ते दुसऱ्या कुणाला येत नाही. सोमवारी साडेसातला गाडी येईल. पण गेज मी लावणार, आणि शिक्काही माझाच."

"हो," मी म्हटलं. "पण त्याआधी आज एक काम राहिलंय."

खात्याच्या कोपऱ्यात शेगडी तीच आहे, पातेलं मात्र नवं. एक्केचाळीस माणसं होती. आयुष्यात एवढा चहा मी कधी केला नव्हता, पूड जास्त पडली, दूध उतू गेलं. पेले तबकात घेऊन मी एकेका टेबलापाशी जायला लागलो. या पोरांना रीत कुठली माहीत! एकाने विचारलं, "काका, आज काय विशेष?"

"माझी गन फेल गेली," मी म्हटलं. मग पुढच्या टेबलाशी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या टेबलाशी. पोळ्या घेणाऱ्या मुलीने पेला घेतला आणि माझ्याकडे बघितलं, एवढंच. सगळ्यांत शेवटी पॅकिंग. ते आमच्या टेबलापासून नव्वद पावलांवर आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा चाललो म्हणून सांगतो. तिथे एक माणूस वाकून पेटीला खिळे मारत होता. त्याने मान वर न करता पेला घेतला आणि बाजूला ठेवला.

माझा पेला तबकात उरला होता. तोवर चहा पार गार झालेला, वर साय धरलेली. मोरी शेजारीच होती. मी तिथेच उभा राहिलो आणि तो सगळा प्यायलो.